गिनिपिगचे न थांबणारे दात

शेळीचा सौदा करण्यापूर्वी जाणती माणसे काय करतात, ते तुम्ही पाहिले आहे का? शेळीचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढून ते समोरचे दात पाहतात. दुधाचेच दात असतील तर शेळी आदत. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद कायमचे दात आले असतील तर दोनदाती, म्हणजे वर्ष-दीड वर्षाची. मग चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की जुळलेली. वरच्या बाजूला पाहायचे कारणच नाही. तिथे शेळीला समोरचे दात नसतात, नुसती टणक गादी असते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळसारख्या कोरडवाहू गावात ही विद्या पुस्तकाशिवाय येते. याच पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करता करता शिकायचे, ही तिथली रीत. आणि शिकण्याच्या विषयांत शेती व पशुपालन आहेच. जनावराचे तोंड उघडून पाहणे हा पशुपालनातला अगदी सुरुवातीचा धडा. तोच धडा आपण एका वेगळ्या प्राण्यावर लावून पाहू. हा प्राणी गोठ्यात नसतो. शहरातल्या दुकानातून खोक्यात बसून तो घरी येतो आणि मुलांचा लाडका होतो. तो म्हणजे गिनिपिग.

नावात 'पिग' असले तरी तो डुक्कर नाही, आणि आफ्रिकेतल्या गिनीशीही त्याचा संबंध नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. उंदीर, खार यांच्याप्रमाणे तो कृंतक गणातला, म्हणजे कुरतडणाऱ्यांपैकी. पण उंदरापेक्षा आपल्या साळिंदराशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

याचे वय मात्र दातांवरून ओळखता यायचे नाही. गिनिपिगचे दुधाचे दात आईच्या पोटातच नाहीसे होतात आणि पिल्लू कायमचे दात घेऊनच जन्माला येते. एकूण दात २०. समोर वर दोन व खाली दोन पटाशीचे दात, मग बरीच मोकळी जागा, आणि आत प्रत्येक बाजूला वर चार व खाली चार दाढा. (यांतल्या पहिल्या दाढेला खरे तर उपदाढ म्हणतात.) उंदराचे पटाशीचे दात पिवळसर-नारिंगी असतात, गिनिपिगचे पांढरे.

आता मुख्य गोष्ट. हे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. तुमच्या-आमच्या दाताचे मूळ एकदा पुरे झाले की दाताची वाढ संपते. गिनिपिगच्या दाताचे मूळ कधी बंदच होत नाही. खालून नवा दात तयार होत राहतो आणि वरचा झिजत राहतो. पटाशीचे दात आठवड्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतात. गुणाकार करून पाहा. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे ७८ मिलिमीटर, जवळजवळ आठ सेंटिमीटर! गिनिपिग पाच-सहा वर्षे जगतो. त्याचा दात झिजलाच नाही तर किती लांब होईल?

ही उधळपट्टी कशासाठी? उत्तर गवतात आहे. गवताच्या पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. ते चावताना दातांवर पॉलिश-कागद घासल्यासारखा परिणाम होतो. शेळीने यावर एक उपाय काढला आहे: तिच्या दाढा उंच असतात, हिरडीखाली बराच साठा असतो, आणि तो हळूहळू वर सरकतो. पण साठा तो साठाच. तो संपला की म्हातारी शेळी समोर चारा असूनही खंगते. गिनिपिगचा उपाय निराळा. तो साठा ठेवत नाही, रोज कमावतो आणि रोज खर्च करतो. ही व्यवस्था फार सोयीची, पण एका अटीवर: खर्च रोज झालाच पाहिजे. आठवड्याला नुसता पाव मिलिमीटर दात जरी कमी झिजला, तरी चार आठवड्यांत एक मिलिमीटर जास्त झाला. त्या इवल्याशा तोंडात एक मिलिमीटर काही थोडा नाही.

आणि दुखणे बहुधा सुरू होते ते आतल्या दाढांपासून. त्यांची मांडणी चमत्कारिक आहे. वरच्या दाढा गालाकडे झुकलेल्या, खालच्या जिभेकडे झुकलेल्या, आणि चावण्याचा पृष्ठभाग सपाट नसून तिरका. जबडा मुख्यतः पुढे-मागे सरकतो व गवत दळले जाते. दळण कमी पडले की वरच्या दाढांच्या कडा गालात रुततात. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढत येतात आणि अखेरीस जिभेवर कमान धरतात. जीभ त्या कमानीखाली अडकते. समोर कोथिंबिरीची जुडी आहे, पोटात भूक आहे, गिनिपिग धावत येतो, पाने तोंडात धरतो आणि टाकून देतो. लोकांना वाटते, त्याला कोथिंबिरीचा कंटाळा आला! खरे म्हणजे त्याला गिळताच येत नाही.

इतर खुणाही असतात. हनुवटी व गळ्याखालची लव लाळेने ओली राहते. लेंड्या लहान व थोड्या होतात. डोळ्यातून पाणी येते, कधी जबड्याखाली गाठ लागते. त्या गाठीत पू असू शकतो. पण या खुणा उशिरा दिसतात. ओठ उघडून पटाशीचे दात दिसतील, दाढा दिसणार नाहीत. तोंड अरुंद आणि गालांच्या घड्या आत आलेल्या. शेळीच्या दातांचा धडा येथे पुरा पडत नाही. पशुवैद्यालाही दाढा पाहण्यासाठी खास उपकरण, पुष्कळदा भूल आणि क्ष-किरण चित्र लागते. सर्वांत आधी खबर देतो तो तराजू. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच वेळी वजन करा आणि वहीत आलेख काढा. ९०० ग्रॅमचा गिनिपिग ८१० वर आला, म्हणजे दहावा हिस्सा वजन गेले. मग तो कितीही टवटवीत दिसो, पशुवैद्याकडे न्यायला हवा. त्याने खाणे अगदी थांबवले तर एक दिवसही थांबू नये. त्याचे आतडे सतत अन्न पुढे सरकत असेल तरच नीट चालते.

गिनिपिगचे तोंड आणखी एका कारणाने बिघडते, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोन शास्त्रज्ञ खलाशांच्या बेरीबेरी रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनिपिगना नुसत्या धान्यावर ठेवले. बेरीबेरी झालाच नाही, झाला स्कर्व्ही! हिरड्यांतून रक्त, दात ढिले. कोबी वा लिंबाचा रस दिला की सुधारणा. त्यांनी उंदीर निवडला असता तर हाती काहीच लागले नसते, कारण उंदीर 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करतो. गिनिपिगला ते जमत नाही, आणि माणसालाही नाही. पुढे १९३२ साली हंगेरीत सेंट-जॉर्जी यांनी गिनिपिगवर प्रयोग करूनच 'क' जीवनसत्त्व म्हणजे नेमका कोणता पदार्थ हे दाखवले. तो भरपूर मिळाला कशातून, तर तिथल्या लाल मिरचीतून, म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीच्या बहिणीतून.

दात जबड्याच्या हाडात तंतूंनी बांधलेला असतो. हे तंतू ज्या प्रथिनाचे, ते कोलॅजेन, नीट विणले जायला 'क' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की दात सैल होतात, वाकडे झिजतात, आणि मग वर सांगितलेले सारे रामायण सुरू होते. निरोगी मोठ्या गिनिपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरते. ढोबळी मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर, कधी पेरूचा लहानसा तुकडा. जीवनसत्त्वाची पूड पाण्यात टाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते पाण्यात लवकर नष्ट होते. तयार खाद्याच्या गोळ्यांतले जीवनसत्त्वही साठवणीत घटत जाते.

राहिला गवताचा प्रश्न, आणि खेड्यातला वाचक येथे शहरातल्या वाचकापेक्षा श्रीमंत आहे. बांधावरचे मारवेल किंवा डोंगरउतारावरचे पवना गवत कापून वाळवलेले असले, तर त्याहून चांगले काय? ते दिवसभर समोर हवे. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे मात्र घेऊ नका, आणि कोवळी ज्वारी कधीच नको; ती गुरांनाही बाधते. लसूणघासात चुना फार, त्याने मूतखडे होऊ शकतात. म्हणून मोठ्या गिनिपिगला तो रोज देऊ नये. पाव, बिस्किटे, भात यांनी दाढांना काहीच काम मिळत नाही. लाकडाचा तुकडा ठेवला की दातांची काळजी मिटली, असे पुष्कळजण समजतात. पण लाकूड कुरतडल्याने समोरचे दात झिजतात, दाढा नव्हे.

समोरचे दात वाढलेले दिसले म्हणून नखे कापायच्या कात्रीने ते कापू नका. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. शिवाय ते वाढण्याचे कारण बहुधा मागच्या दाढांत असते. पशुवैद्य दाढा यंत्राने घासून बसवतो. एकदा बिघडलेल्या तोंडाला हे काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा करावे लागते. आणि घरातल्या माणसांसाठी आणलेले पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन तर त्याला मुळीच पाजू नका. त्याच्या आतड्यात गवत पचवणारे उपयुक्त जंतू असतात. या औषधांनी ते मरतात, घातक जंतू माजतात, आणि दातदुखीतून वाचलेला गिनिपिग औषधाने दगावतो.