पोलादातली चीर शोधता शोधता

जुलै १९५५. ग्लासगोजवळ रेनफ्रू इथं बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीचा बॉयलरचा कारखाना होता. प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड तिथं गाडीतून शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन आले. काही गर्भाशयाच्या, काही अंडाशयाच्या. पोलादाच्या जोडात चीर राहिली आहे का, हे ध्वनिलहरींनी तपासणारं यंत्र तिथं होतं. ते गाठींवर टेकवलं. पाण्याच्या गाठीचा प्रतिध्वनी वेगळा आला, घट्ट गाठीचा वेगळा. युद्धात हवाई दलात असल्यानं डोनाल्ड यांना रडार ठाऊक होतं. या फरकाचं मोल त्यांनी लगेच ओळखलं.

पुढचं श्रेय केल्विन अँड ह्यूज कंपनीतल्या टॉम ब्राउन या तरुण इंजिनिअरचं. त्याचं नाव मागं पडायला नको होतं. आधीच्या यंत्राच्या पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा उठत; अंगावर टेकवलेला प्रोब फिरेल तसा शरीराचा छेद उमटावा, ही रचना त्याची. डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि ब्राउन यांचा लेख ७ जून १९५८च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्या काळातल्या एका बाईंचं पोट फुगलं होतं. जठराचा कॅन्सर, आता इलाज नाही, असं ठरलं होतं. यंत्रात दिसली अंडाशयाची प्रचंड, पाण्यानं भरलेली गाठ. ती काढली आणि बाई वाचल्या.

आजच्या सोनोग्राफीच्या प्रोबमधला स्फटिक विजेच्या स्पंदनानं सेकंदाला २० लाख ते दीड कोटी वेळा थरथरतो. त्यातून उठणारा आवाज मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगानं जातो. एक सेंटीमीटर आत जाऊन परतायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्यावरून यंत्र खोली मोजतं. क्ष-किरणांचा संबंधच नाही, म्हणून गरोदर बाईसाठी ही तपासणी सोयीची.

हवा मात्र आवाजाला पुढं जाऊच देत नाही. त्वचा आणि प्रोब यांच्यात हवा राहू नये म्हणून ते गार, चिकट जेल. लघवी तुंबवून बसायला लावतात तेही त्यासाठीच: भरलेलं मूत्राशय हवा असलेल्या आतड्यांना बाजूला सारतं आणि त्यातून मागचं गर्भाशय स्वच्छ दिसतं. पित्ताशय बघायचं तर उपाशीपोटी यायचं, कारण जेवलं की ते आकसतं.

खरी करामत हाताची असते. डॉक्टर प्रोब किंचित कलता करतात, “श्वास घ्या, धरून ठेवा” म्हणतात. यकृत बरगड्यांखालून खाली सरकतं. पित्ताशयात पांढरा ठिपका आणि त्यामागं काळी सावली दिसली, की कुशीवर वळायला सांगतात. ठिपका घरंगळला तर बहुधा खडा. जागच्या जागी राहिला तर दुसरं काही शोधायला हवं.

या यंत्राचा आपल्याकडं भयंकर गैरवापर झाला. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. आता मोबाइलला जोडता येणारे, खिशात मावणारे प्रोब आले आहेत. दुर्गम पाड्यावरच्या गरोदर बाईला ते फार उपयोगी पडतील. पण असं सुटं यंत्र मुख्यतः नोंदणीच्या जागेतच, तिथं दाखल रुग्णांसाठी किंवा नोंदणीकृत फिरत्या दवाखान्यातच वापरता येतं. हे बंधन जाचक आहे. पण ८९४ हा आकडा समोर असताना ते सैल करा, असं म्हणवत नाही.