काचबंद गॅलरीतील उकाडा

मुंबईत आणि कोकणपट्टीत गॅलरीला काचा लावून तेथे आजोबांची आरामखुर्ची मांडलेली अनेक घरांत दिसते. डिसेंबरातील सकाळी ही जागा सुखाची; कोवळे ऊन पुरते, हीटर लागत नाही. खरी परीक्षा मे आणि ऑक्टोबरात. काचेतून ऊन आत शिरते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता तितक्या सहज बाहेर पडत नाही. हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. तेव्हा ‘मला काही होत नाही’ या उत्तरावर आपण विसंबू नये.

शक्य असेल तर पडदा आतून न लावता काचेबाहेर बांबूचा सोडावा. ऊन काचेपर्यंत पोहोचूच नये. वाळ्याचे पडदे आणि कूलर विदर्भात उपकारक, येथे मात्र ते दमटपणाच वाढवतात. हवा 35 अंशांपलीकडे गेली की नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. खुर्ची आतल्या थंड खोलीत न्यावी. बोलणे असंबद्ध झाले, तर ओल्या फडक्याने अंग पुसत तातडीने डॉक्टरांना बोलवावे.

आजोबा कुरकुरतील, कारण रस्त्यावरची वर्दळ तेथूनच दिसते. ऊन उतरल्यावर काचा सताड उघडून खुर्ची पुन्हा तेथेच मांडावी.