पाय घसरतो तो उतरताना

मावळातले गड चढताना दम लागतो, पण पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा भार आवरून धरावा लागतो आणि हे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येते. ताणले जात असतानाच भार पेलावा लागल्याने ते लवकर थकतात, पाय थरथरू लागतात आणि सगळा ताण गुडघ्यावर व घोट्यावर येतो. गुलमर्गच्या बर्फावर स्की करणाऱ्याचा गुडघा जातो, स्नोबोर्डवाल्याचे मनगट. विसापूरच्या ओल्या कातळावर एकाच घसरणीत दोन्ही जाऊ शकतात. कारण पाठीमागे कोसळणारा माणूस आपसूक हात टेकतो.

लोणावळ्याचा वार्षिक पाऊस ४,००० मिलिमीटरच्या घरात जातो. जुलैपर्यंत इथल्या कातळावर शेवाळ धरते. लोहगडाच्या पायऱ्या रुंद असल्या तरी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, गडाच्या विंचूकाटा या सोंडेकडे जाताना कातळटप्पा उतरावा लागतो, तर विसापूरची पायऱ्यांची वाट पावसाळ्यात ओढाच होते. खोल खाचांचे रबरी तळवे चिखलात पकड देतात. शेवाळावर मात्र कोणताच बूट भरवशाचा नाही. तिथे खडबडीत दगड शोधून पूर्ण तळवा टेकायचा. सपाट तळव्याच्या चपला तर घरीच बऱ्या. तीव्र टप्प्यावर कातळाकडे तोंड करून उतरावे किंवा सरळ बसावे. त्यात कमीपणा नाही, पँट मळते इतकेच. ऑक्टोबरनंतर शेवाळ वाळते, पण घसारा मोकळा होतो आणि धावत उतरणाऱ्याला तोच पाडतो.

हातातली काठी गुडघ्यावरचा भार हलका करते. त्याहून उपयोगी ठरते ती आधीची तयारी: महिनाभर जिने चढणे आणि मुख्यतः सावकाश उतरणे. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी थेट राजमाची गाठणाऱ्याचे पाय परतीच्या वाटेवर दगा देतात. उजेड असतानाच उतरायला लागणे हाही सुरक्षेचाच भाग आहे, कारण अंधाराच्या धास्तीने घाई होते.

वाहत्या पाण्याचे गणित वेगळे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते, पण अचानक वाढलेल्या लोंढ्यापुढे ती पकड टिकली नाही. वर डोंगरात पाऊस पडत असेल तर खाली ऊन असतानाही पाणी वाढते. ते गढूळ झाले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला की लगेच काठ गाठायला हवा.

घोटा मुरगळल्यावर तो चोळून देणारे हात गटात हमखास असतात. चोळण्याने सूज वाढते. पाय उंच ठेवून गार पाण्याची पट्टी व दाबपट्टी बांधावी. चालत उतरायचेच असेल तर बूट काढू नये, सुजलेला पाय पुन्हा आत जात नाही. मान किंवा पाठीला मार लागला असेल तर जखमीला जागचे हलवू नये. अंगावर कोरडे कापड घालून १०८ किंवा ११२ला फोन करावा. या भागात डोंगरातून जखमींना बाहेर काढण्याचे काम लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था करते. फोनवर गडाचे नाव पुरत नाही: कोणत्या गावातून चढलो, शेवटची खूण कोणती, जखमी शुद्धीवर आहे का, हेही सांगावे लागते. स्ट्रेचर हातांवरच खाली आणायचे असल्याने किती माणसे लागतील, हे त्यावरून ठरते.