जव्हारचे मुकणे: गढीपासून लोकसभेपर्यंत

जव्हार हे जुन्या ठाणे जिल्ह्यातले संस्थान. तिथले मुकणे राजघराणे महादेव कोळी समाजातले. कोळी नायकाच्या एका लहान गढीपासून निघालेले हे घराणे सहाशेहून अधिक वर्षांनी दिल्लीच्या लोकसभेत पोहोचले.

संस्थापक जयबा मुकणे यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. त्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढून घेतला. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीबद्दलही सांगितली जाते, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही. जयबांच्या मुलाला 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने नीमशाह हा किताब दिला, इथून मात्र घराण्याचा राजकीय इतिहास सुरू होतो. संस्थानाच्या कागदपत्रांत कालगणनाही याच घटनेपासून होत असे.

जव्हारची जमीन खडकाळ, उतारावरची. नागली आणि वरी पिकणारी. घराण्याचे बळ पिकापेक्षा वाटांवर होते. किनाऱ्यावरून नाशिक-त्र्यंबककडे जाणाऱ्या घाटवाटा याच मुलखातून चढतात, म्हणून प्रत्येक मोठ्या सत्तेला जव्हारशी संबंध ठेवावा लागला. 1663 च्या अखेरीस सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम शिरपामाळ येथे झाला आणि राजा विक्रमशाह तिथे त्यांना भेटले, असे परंपरा सांगते. हे सख्य टिकले नाही. 1672 मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले. पुढे पेशवाईत मुलूख आणखी आक्रसला. इंग्रजांच्या काळात उरले ते सुमारे 800 चौरस किलोमीटरचे, नऊ तोफांच्या सलामीचे संस्थान.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जन्म 1917 चा. 1927 मध्ये, अज्ञान वयातच, ते गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात सेवा केली. टेकडीवरचा दगडी जयविलास राजवाडा त्यांच्याच कारकिर्दीतला.

संस्थानाच्या वेशीबाहेर मात्र वारे बदलले होते. 1945 च्या जानेवारीत कल्याणजवळच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव-डहाणूकडून आलेले वारली आदिवासी तिथून जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध लढण्याचा निर्धार घेऊन परतले. किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ही चळवळ गावोगाव नेली. 1948 मध्ये जव्हार मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी कूळ कायदा आला.

इंग्लंडमध्ये जमीनदार घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वतनी मुलखातून पार्लमेंटमध्ये जात. भारतात राजघराण्यांना ही वाट प्रौढ मतदानाने मिळाली. बडोद्याचे फत्तेसिंगराव गायकवाड आणि ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे 1957 मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले. यशवंतराव 1962 मध्ये काँग्रेसच्याच तिकिटावर भिवंडीतून खासदार झाले. हे यश केवळ राजेपणाचे मानणे अपुरे आहे: राजा आदिवासी समाजातला होता आणि मतदारांतही आदिवासींची संख्या मोठी होती. जमीनदार आणि आदिवासी यांच्यातली जी दरी डहाणूत होती, ती जव्हारच्या राजाबाबत तशीच्या तशी लागू होत नव्हती.

1971 च्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखे आणि किताब संपले. 1977 च्या निवडणुकीत, वारल्यांची चळवळ जिथे झाली त्या डहाणूच्या मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम लोकसभेवर गेले. त्यानंतरच्या वर्षी यशवंतरावांचे निधन झाले. 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला आणि जव्हार ठाण्यापासून वेगळे झाले.