अतिदक्षता विभागातल्या मुलाची भूक

मुलांच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या आजीचा पहिला प्रश्न बहुधा तापाचा नसतो. ‘पोटात काही गेलं का हो त्याच्या?’ असं त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे, आम्हा बालरोगतज्ज्ञांनाही त्याचं भरवशाचं उत्तर मिळायला २०१६ साल उजाडावं लागलं, आणि तेही आमच्या अपेक्षेच्या उलट निघालं.

गंभीर न्यूमोनिया झाला, रक्तात जंतुसंसर्ग पसरला किंवा हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली, की मुलाच्या शरीराचा सगळा कारभार काही तासांत बदलतो. पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडतात. ते मेंदूपर्यंत पोचले की ताप चढतो आणि भूक मरते. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल वाढतात, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि रक्तातली साखर वाढते. ‘याला मधुमेह झाला का?’ असं आई-वडील धास्तावून विचारतात. बहुतेक वेळा तसं नसतं. आजार ओसरला की साखर जागेवर येते.

याच वेळी स्नायूंमधली प्रथिनं मोडायला सुरुवात होते. त्यांच्या घटकांतून यकृत संसर्गाच्या काळात लागणारी प्रथिनं तयार करतं. रक्ताच्या रिपोर्टवर ‘सीआरपी’ लिहिलेलं असतं ना, ते त्यातलंच एक. दुष्काळी साली घरातलं लग्न पुढे ढकलतात, नवं बांधकाम थांबवतात, तशी शरीर मुलाची वाढ तेवढ्यापुरती थांबवतं आणि कणगीतलं धान्य काढतं. मोठ्या माणसाची कणगी मोठी असते. तान्ह्या बाळाची इवलीशी, आणि त्याच्या मेंदूला साखर लागते मात्र भरपूर. म्हणून त्याची साखर एकदम उतरण्याचीही आम्हाला तितकीच धास्ती असते.

पहिली धुमश्चक्री संपली की दुसरा धोका येतो. लढून लढून प्रतिकारशक्ती थकते आणि मूल सावरत असतानाच नवा जंतुसंसर्ग गाठतो.

स्नायू डोळ्यांदेखत झडताना पाहून डॉक्टरांनी वर्षानुवर्षं सरळ हिशेब केला होता: नळीवाटे पोटात पुरेसं अन्न जात नसेल तर पहिल्याच दिवसापासून शिरेतून प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि साखर द्यायची. बेल्जियममधलं लूव्हेन, नेदरलँड्समधलं रॉटरडॅम आणि कॅनडातलं एडमंटन इथल्या रुग्णालयांनी १,४४० मुलांवर हा हिशेब तपासला. अर्ध्या मुलांना शिरेतलं पोषण चोवीस तासांच्या आत सुरू केलं, उरलेल्यांना आठवडाभर दिलंच नाही. त्यांना उपाशी ठेवलं होतं असं मात्र समजू नका. पोटातून जमेल तेवढं अन्न, जीवनसत्त्वं, क्षार आणि गरजेपुरती साखर मिळतच होती. लवकर पोषण मिळालेल्यांपैकी १८.५ टक्के मुलांना नवा संसर्ग झाला, थांबलेल्यांपैकी १०.७ टक्के मुलांना. अतिदक्षता विभागातला मुक्कामही सरासरी ९.२ दिवसांवरून ६.५ दिवसांवर आला. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. पुढे दोन आणि चार वर्षांनी ही मुलं पुन्हा तपासली, तेव्हा थांबल्यामुळे त्यांच्या वाढीचं किंवा बुद्धीचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही.

असं का व्हावं? एक पटण्यासारखं स्पष्टीकरण पेशींच्या साफसफाईचं आहे. पेशी आपल्यातले मोडके भाग आणि आत शिरलेले जंतू स्वतःच पचवून टाकतात. तिला ऑटोफॅजी म्हणतात. योगायोग असा, की तिच्यावरच्या कामासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं तेही २०१६ मध्येच. बाहेरून अन्नाचा, विशेषतः प्रथिनांचा, मारा झाला की ही साफसफाई मंदावते. हे स्पष्टीकरण अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, पण मला ते मनोमन पटतं.

आपल्याकडच्या कुपोषित मुलांची गोष्ट आणखी नाजूक. अतिकुपोषित मुलाला संसर्ग झाला तरी कित्येकदा ताप येत नाही, कारण ताप आणायलाही शरीरात ताकद लागते. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात ताप नसला तरी अँटिबायोटिक देतात, आधी साखर पाहतात आणि अंग गरम ठेवतात. सुरुवातीचं दूध ‘एफ-७५’, म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये ७५ कॅलरी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं देतात. भूक परतली की मगच ‘एफ-१००’. घाईनं भरपेट भरवलं तर रक्तातले क्षार कोसळून हृदय बंद पडू शकतं.

यातलं काहीही घरच्या आजारपणाला लावू नका. साध्या तापात आणि जुलाबात अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, मऊ भात, पेज, खिमट थोडं थोडं द्यायचं. मात्र मूल दूध ओढेनासं झालं, हाक मारली तरी नीट जागं होत नसेल, हातपाय गार पडले किंवा धाप लागली, तर भरवत बसू नका, दवाखाना गाठा.