कमरेत चमक भरली, तर चिनी वैद्य काय करतात?

पोते उचलताना, विहिरीतून कळशी ओढताना, किंवा नुसते वाकून उठताना कमरेत एकाएकी कळ येते आणि माणूस जागच्या जागी वाकडा होतो. आपण म्हणतो, उसण भरली, चमक भरली. चिनी लोक याला 'शान-याव' म्हणतात. 'याव' म्हणजे कंबर. आणि 'शान' या अक्षराचा एक अर्थ आहे, वीज चमकणे!

चिनी वैद्यकाचे म्हणणे असे, की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती आणि रक्त ठराविक वाटांनी वाहत असते. लचक भरली की ही वाट तुंबते व दुखू लागते. 'हुआंगदी नेइजिंग' या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या ग्रंथात कंबरदुखीवरील सुयांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

नवल हे, की सुई पुष्कळदा कमरेत टोचतच नाहीत. गुडघ्यामागच्या लवणीत किंवा पंजाच्या पाठीवर हाडांमधल्या फटीत टोचतात. हातात सुई असतानाच रोग्याला कंबर हळूहळू हलवायला सांगतात. दुसरा उपाय आपल्या तुंबडीसारखा. काचेच्या पेल्यात पेटता बोळा फिरवून तो काढतात आणि पेला लगेच कमरेवर पालथा घालतात. आतली हवा निवली की कातडी वर ओढली जाते. काळेनिळे गोल वण उठतात, ते काही दिवसांत जातात. याखेरीज 'तुइना' हे मर्दन आणि दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीच्या वाळल्या पाल्याचा शेक, हेही उपाय आहेत.

१९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही सुईविद्या शिकून आपल्या देशात आणली.

मग हे उपाय खरे का? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मर्दन, सुया असे उपाय करून पाहावेत, असे सांगितले. पण त्याबरोबर हेही सांगितले, की बहुतेकांची कंबर कोणताही उपाय केला तरी काळानुसार आपोआप सुधारते. तेव्हा कोणी 'एका सुईत बरे करतो' म्हणून भरमसाट पैसे मागू लागला, तर सावध राहा.

सुई टोचून घ्यायचीच असेल तर शिकलेल्या माणसाकडून, आणि दर वेळी नवी, निर्जंतुक सुई समोर फोडून घ्या. वापरलेल्या सुईतून कावीळ पसरते. काही चिनी औषधांत बचनागाच्या जातीचे मूळ असते. ते विषारी आहे. पारखल्यावाचून पोटात घेऊ नका. आणि पायाळू माणसाची लाथ तर मुळीच खाऊ नका!

घरी काय करावे? कोमट शेक घ्या, ओझे उचलू नका. पण अंथरूण धरूनही बसू नका. सोसेल तेवढे घरात, अंगणात चाला.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरता आली, पायातली शक्ती गेली, ताप आला किंवा झाडावरून, बैलगाडीवरून पडून दुखणे सुरू झाले असेल, तर सुई नको, तुंबडी नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लावणी चार दिवस मागे गेली तरी चालेल. अधू झालेला पाय परत मिळेलच असे नाही.