कानांतील बुरशी

चाळींत भरलेला कांदा भाद्रपदांत निवडतांना वरच्या सालीखालीं काजळीसारखी काळी भुकटी दिसते, ती आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. भुईमुगाचें कोवळें रोप जमिनीलगत काळें पडून कोलमडतें, तेंही पुष्कळदां त्याच बुरशीचें काम. शास्त्रांत तिला अ‍ॅस्परजिलस नायजर असें म्हणतात. हीच बुरशी माणसाच्या कानांतही रुजते, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. आणि पावसाळ्यांत गांवोगांव जे कान खाजतात व ज्यांस दडे बसतात, त्यांतील कित्येकांच्या मुळाशीं ही किंवा कॅन्डिडा नांवाची दुसरी बुरशी असते.

यावरून कांदा हाताळल्यानें कान बिघडतो, असें कोणी समजूं नये. बुरशीचे बीजाणू हवेंत, मातींत, धान्याच्या धुळींत सर्वत्र असतात. निरोगी कानांत त्यांस थारा मिळत नाहीं. कानाची नळी सुमारें इंचभर लांब व किंचित् वांकडी असून तिला आंतून मळाचा पातळ लेप असतो. हा मळ म्हणजे घाण नव्हे. तो किंचित् आम्ल व स्निग्ध असल्यामुळें पाणी मुरूं देत नाहीं व बुरशीस सहसा वाढूं देत नाहीं. परंतु विहिरींत किंवा कालव्यांत पोहून कान ओले राहिले, त्यांतच कानकोरण्यानें अगर काडीनें मळ खरवडून त्वचेस ओरखडा पाडला, कीं बुरशीस वाफसा मिळालाच म्हणावयाचा. मागच्या खेपेचे जंतुनाशक थेंब स्वतःच्या मनानें आठवडेच्या आठवडे घालीत राहिल्यानेंही हेंच होतें. एक तण मारलें कीं मोकळ्या जागेंत दुसरें माजावें, तसा हा प्रकार आहे.

कानांत तेल घालण्याची चाल घरोघर आहे. लसणीची पाकळी कढवून तें तेल कोमट असतां घातलें कीं घटकाभर बरें वाटतें, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यानें आंतील ओल कोंडून राहते. आणि पडद्यास भोंक असेल तर तेल थेट मधल्या कानांत उतरतें. ही चाल सोडावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां ओळख. जंतूंमुळें कान सुजतो तेव्हां बहुधा ठणका आधीं लागतो व कानाची पाळी ओढली तरी कळ येते. बुरशींत आधीं खाज, तीही खोलवर, झोंप मोडणारी. मग कान भरल्यासारखा वाटतो, ऐकूं कमी येतें, कधीं गुणगुण होते. पातळ स्राव व ठणका मागाहून. डॉक्टर दिव्यानें पाहतात तेव्हां ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा थर व त्यावर काळे ठिपके दिसतात. कॅन्डिडा असल्यास दह्यासारखा पांढरा साका दिसतो. घरांतील माणसानें बॅटरी मारून ही परीक्षा करण्याच्या भरीस पडूं नये.

उपचार अवघड नाहीं, पण तो घरीं होण्याजोगा नाहीं. बुरशीचा थर प्रथम नीट पाहून साफ करावा लागतो. थर तसाच असतां वरून घातलेलें औषध आंत पोंचत नाहीं. त्यानंतर क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक थेंब देतात. पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें पाहून औषध ठरतें, म्हणून शेजाऱ्याची बाटली आपल्या कानास चालेलच असें नाहीं. खाज चौथ्या दिवशीं थांबली तरी सांगितलेली मुदत पुरी करावी, नाहीं तर उरलेल्या तंतूंतून बुरशी पुन्हां फुटते. तोंवर पोहणें बंद ठेवावें आणि स्नानाचे वेळीं व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशीं ठेवावा.

बैलाच्या खांद्यास सूज आली तर त्याच दिवशीं पशुवैद्य बोलावणारे आमचे बंधु स्वतःचा कान दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकतात. कान वाहूं लागला, ऐकूं कमी येऊं लागलें किंवा खाज व दडा चार-सहा दिवसांत हटला नाहीं, तर हंगाम उरकण्याची वाट पाहूं नये; दुर्लक्षानें क्वचित् पडद्यास भोंकही पडतें. ताप, असह्य ठणका, कानामागें सूज किंवा लाली, चक्कर, एकाएकीं आलेलें बहिरेपण अथवा तोंड वांकडें होणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. मधुमेह असणाऱ्यांनीं विशेष जपावें: रात्रीं झोंपूं न देणारा कानाचा ठणका त्यांच्या बाबतींत हाडापर्यंत गेलेल्या रोगाचा असूं शकतो, व तो जिवावर बेततो. कानांतील बुरशी वारंवार उलटत असेल, तर रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

दवाखान्यांत जातांना त्या दिवशीं कानांत कांहींही घालूं नये, म्हणजे आंतील स्थिति स्वच्छ दिसेल. आणि तोंवर जीं जीं औषधें घातलीं असतील त्यांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात.